गुइलिन-यांगश्वो: आधी पाण्याचं विचारा, मग तिकिटांचं

प्रश्न असा आला आहे: नाशिकचं चौघांचं कुटुंब. नवरा-बायको, ११ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या आजी, ज्यांचे गुडघे जिना पाहिला की कुरकुरतात. दिवाळी आटोपली की आठ दिवस दक्षिण चीन. यादीत गुइलिन, यांगश्वो, भाताच्या पायऱ्यांची शेतं, चांगच्याच्ये, युन्नानमधलं दगडी जंगल आणि एकूण चार गुहा. घरचे शाकाहारी. "हे सगळं बसेल ना? बोट घ्यावी की तराफा? आणि गुहा कोणत्या चुकवू नयेत?"

मी भूगर्भशास्त्र शिकले आणि पोटापाण्यासाठी सहली नेते. करोनाची वर्षं सोडली तर बारा-पंधराजणांचे गट घेऊन या भागात सतत जाणं आहे. तेव्हा आधी कात्री लावते.

चांगच्याच्ये काढून टाका. जागा वाईट नाही, पण तिचा इथे संबंध नाही. एका गाजलेल्या हॉलिवूडपटामुळे ते उभे खांब सगळ्यांच्या डोक्यात बसले आहेत आणि एजंट मंडळी गुइलिनला जोडून ते विकतात. ते खांब वालुकाश्माचे आहेत, चुनखडीचे नाहीत. ते पाण्यात विरघळून झालेले नाहीत, भेगांमधून झिजून आणि कोसळून उरलेले आहेत. शिवाय ते हूनान प्रांतात, म्हणजे जायला दिवसाचा मोठा तुकडा आणि यायला तेवढाच, आणि तिथे पायऱ्या अशा की आजींना तुम्ही खालीच बसवून ठेवाल. युन्नानचं दगडी जंगल, शिलिन, मात्र खरंच याच घराण्यातलं. २००७ मध्ये 'दक्षिण चीन कार्स्ट' (कार्स्ट म्हणजे पाण्यानं चुनखडी विरघळवून घडवलेला भूप्रदेश) म्हणून जागतिक वारशाच्या यादीत जी पहिली ठिकाणं गेली त्यात शिलिन होतं, गुइलिनचा नंबर २०१४ मध्ये लागला. पण शिलिन कुनमिंगजवळ. ती वेगळी सहल आहे, वेगळ्या वर्षी करा.

उरले गुइलिन आणि यांगश्वो. आठ दिवसांतले दोन येण्याजाण्यात गेले तर सहा राहतात, आणि ते सहाही इथेच द्या.

इथला प्रत्येक निर्णय पाण्याला विचारून घ्यायचा असतो. बोट कुठवर जाईल, तराफे चालतील का, डोंगर धुक्यात असतील की लख्ख, सगळं पाणी ठरवतं. डोंगरही त्यानंच केलेत. आपला सह्याद्री लाव्हाचा, काळ्या पाषाणाचा. पाऊस त्याला झिजवतो, कापतो, पण विरघळवत नाही. इथली चुनखडी कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेली, जाड आणि घट्ट. पावसाचं पाणी हवेतून आणि त्याहून जास्त मातीतून कार्बन डायऑक्साइड उचलतं, किंचित आंबट होतं आणि खडकाच्या भेगांत शिरून खडक शब्दशः विरघळवत नेतं. वर्षाला १९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उष्ण दमट हवा आणि खालून हळूहळू वर उचललं जाणारं भूपृष्ठ, असं लाखो वर्षं चाललं की मधला खडक निघून जातो आणि जे उरतं ते हे सुळके.

यांचे दोन प्रकार आहेत आणि तुमची सहल त्यावरच आखायची आहे. चिनी भूगोलात एकाला 'फंगत्सोंग' म्हणतात. एकाच बैठकीवरून उठलेला शिखरांचा झुबका, मध्ये खोलगट द्रोणासारख्या जागा. दुसरा 'फंगलिन', म्हणजे शिखरांचं रान: सपाट भातखाचरांत एकेकटे उभे असलेले सुळके, जणू कुणी पट मांडून सोंगट्या ठेवल्यात. झुबका पाहायचा तो नदीतून, ली नदीच्या यांगदी ते शिंगपिंग या टप्प्यात, जिथे नदी त्याला कापत जाते. रान पाहायचं ते जमिनीवरून, यांगश्वोच्या आसपास, सायकलीच्या वेगानं. नुसती बोट करून परतणारे लोक अर्धंच पाहून येतात आणि वर "फोटोत होतं तसंच आहे" म्हणतात.

आता बोट. मोठ्या बोटी गुइलिन शहरातून सुटत नाहीत. शहरापासून गाडीनं पाऊणएक तासावर नदीकाठचे धक्के आहेत, तिथून चार-पाच तासांत त्या यांगश्वोला पोहोचतात. आजींसाठी हीच घ्या. खुर्ची आहे, स्वच्छतागृह आहे, वरच्या डेकवर जायला जिना आहे पण खिडकीतूनही चांगलं दिसतं. पहिला तासभर चहा पीत बसा. यांगदी आलं की मग सगळ्यांनी उठायचं, कारण तिथून शिंगपिंगपर्यंत खाली बसून राहणं म्हणजे जेवणाच्या पंक्तीत झोपणं. नेमकं याच वेळी बोटीवर जेवण वाढतात! थंड झालं तरी चालेल, जेवण नंतर.

या टप्प्यात एक उभा कडा लागतो, पांढऱ्या-पिवळ्या-काळ्या डागांचा. नाव 'नऊ घोड्यांचा चित्रडोंगर'. डागांतून घोडे शोधायचे. जुन्या समजुतीनुसार नऊच्या नऊ दिसतील तो राजपरीक्षेत पहिला येणार. मला आजवर सातच्या पुढे गेलेलं आठवत नाही. मुलीला मोजायला लावा, मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त सापडतात.

शिंगपिंगच्या वळणावर सगळे एकदम खिशातून नोट काढतात. १९९९ च्या मालिकेतल्या २० युआनच्या नोटेच्या मागच्या बाजूला हाच देखावा आहे. गर्दी असते, पण जागा सपाट आहे आणि आजी निवांत बसू शकतील. तिथेच म्हातारे कोळी खांद्यावर काठी, काठीवर दोन पाणकावळे घेऊन उभे दिसतील. पूर्वी हे लोक पक्ष्याच्या गळ्याला दोरी बांधून त्याच्याकडून मासे धरून घेत. दोरीमुळे मोठा मासा गिळता येत नाही, तो माणसाच्या टोपलीत जातो. आता हा धंदा बहुतेक फोटोंवर चालतो. मला त्यात फसवणूक वाटत नाही. पैसे आधी ठरवा, द्या, फोटो घ्या. "अस्सल कोळी कुठे भेटेल" असं विचारत गावभर फिरू नका.

तराफ्याबद्दल मात्र गैरसमज फार. ली नदीवरचे 'बांबूचे तराफे' बांबूचे नाहीत, प्लास्टिकच्या नळ्यांचे आहेत आणि मागे मोटर फटफटते. खरा बांबूचा, माणूस काठीनं ढकलतो तो तराफा हवा असेल तर यूलोंग नदीवर जा. ही ली नदीला मिळणारी छोटी, संथ नदी, काठाला शेतं आणि म्हशी. एका तराफ्यावर दोघं. वाटेत ठिकठिकाणी कमी उंचीचे बांध आहेत. त्यांच्यावरून तराफा खाली घसरतो तेव्हा पाय भिजतात आणि मुलं किंचाळतात. वरच्या टप्प्यात बांध जास्त, खालच्या टप्प्यात कमी. लहान मुलं आणि वयस्कर यांच्यासाठी टप्प्यागणिक वयाच्या अटी असतात, त्या तिकीट काढण्याआधी विचारा, नाहीतर धक्क्यावर उभं राहून आजींची समजूत काढावी लागेल. तुम्ही दोघांपैकी एकानं मुलीला घेऊन तराफ्यावर जावं आणि दुसऱ्यानं आजींना घेऊन गाडीनं यूलोंग पुलावर थांबावं, असं मी सुचवेन. मिंग काळातला, १४१२ चा, एका कमानीचा दगडी पूल आहे. त्याच्या काठावर तासभर बसलं तरी कंटाळा येत नाही.

पाण्याचा हिशेब कसा चुकतो ते माझ्या अनुभवातून सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका स्थानिक एजंटानं मला जूनच्या बोटी स्वस्तात दिल्या. मी खूश. आम्ही पोहोचलो त्या रात्री पाऊस लागला, सकाळी नदी तांबडी आणि धक्क्याच्या पायऱ्या पाण्याखाली. दोन दिवस बोटी बंद, तराफे बंद, तेरा माणसं यांगश्वोच्या हॉटेलात पत्ते कुटत बसलेली. एजंटाचा फोन लागेना. मे-जून हा इथला पुराचा हंगाम, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण स्वस्त तिकिटापुढे विसरले. जून २०२४ मध्ये तर गुइलिनला १९९८ नंतरचा सर्वांत मोठा पूर आला, शहराच्या रस्त्यांवर पाणी होतं.

तुमची वेळ त्याच्या उलट टोकाला जवळ आहे. दिवाळीनंतर म्हणजे कोरडा हंगाम सुरू. हवा छान, ऊन सौम्य, १ ते ७ ऑक्टोबरच्या चिनी राष्ट्रीय सुट्टीची झुंबड ओसरलेली. पण नदी उतरायला लागलेली असते. इतका पाऊस पडूनही हा प्रदेश पाणी धरून ठेवत नाही, सगळं भेगांतून जमिनीखाली जातं. म्हणून कोरड्या महिन्यांत वरच्या अंगाच्या छिंगशितानसारख्या धरणांतून ली नदीत पाणी सोडावं लागतं, नाहीतर बोटी तळाला टेकतील. फार खाली गेलं तर मोठ्या बोटींचा मार्ग तोडून आखूड करतात. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सहसा निभावतं. तरीही बोटीचा दिवस सहलीच्या शेवटी ठेवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे चुकलं तर पुढे सरकवता येतं.

गुहांकडे येते. चार नको, एक पुरे. फार तर दोन.

आपल्या भाषेत लेणं आणि गुहा हे दोन शब्द आहेत याचं मला इथे आल्यावर दर वेळी कौतुक वाटतं. अजिंठा-वेरूळ ही लेणी, माणसानं छिन्नीनं कोरलेली. गुइलिनच्या गुहा पाण्यानं पोखरलेल्या. आणि मग या पाण्याच्या गुहांत माणसानं येऊन पुन्हा लेखणी चालवली. शहरातली लूदी गुहा, बासरीच्या वेताची गुहा, तिच्या भिंतींवर सत्तरहून अधिक शाईचे लेख आहेत, काही तांग काळातले, इ.स. ७९२ पर्यंत मागे जाणारे. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीही लोक मशाल घेऊन आत येत होते आणि "आम्ही येऊन गेलो" असं लिहीत होते. आपल्याकडे गडावर नावं कोरणाऱ्यांना शिव्या देतो, इथे तीच नावं जपून ठेवली आहेत. काळ मोठा वकील आहे.

लूदी आजींनाही जमेल. वाट साधारण अर्धा किलोमीटर, पायऱ्या थोड्या, आत हवा वर्षभर सारखी. एकच इशारा: आत निळे-गुलाबी-हिरवे दिवे लावलेत. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यासारखं वाटतं. चिनी पर्यटकांना ते आवडतं, प्रत्येक आकाराला सिंह, कोबी, बर्फाचं झाड अशी नावं असतात आणि गाइड लेझरनं दाखवत नेतात. चिडू नका. दिव्यांच्या कडेला, अंधाराच्या हद्दीवर उभं राहून छताकडे बघा. वरून टपकणारा प्रत्येक थेंब सोबत विरघळलेली चुनखडी आणतो. गुहेच्या मोकळ्या हवेत आला की सोडा वॉटरची बाटली उघडल्यासारखा त्यातला वायू निसटतो आणि चुन्याचा सूक्ष्म थर मागे राहतो. शतकात एखादा सेंटिमीटर, असा अंदाजे वेग. छतावरून लोंबतो तो अधोमुखी लवणस्तंभ, जमिनीवरून उठतो तो ऊर्ध्वमुखी. शाळेच्या भूगोलात हे शब्द पाठ केलेले असतात, मुलीला प्रत्यक्ष दाखवा. (नावात 'लवण' असलं तरी चाटून खारट लागत नाही. विचारणार ती, म्हणून सांगितलं. आणि हात लावू देऊ नका, बोटांच्या तेलकटपणानं वाढ थांबते.)

दुसरी करायचीच असेल तर यांगश्वोपासून जवळ यिनत्सी म्हणजे चांदीची गुहा. मोठी, देखणी, पण चालणं लूदीच्या कितीतरी पट आणि चढउतार. आजी बाहेर बसणार असतील तर सोडा. त्यापेक्षा गुइलिन शहरातल्या फूबो टेकडीच्या पायथ्याची गुहा बघा. नदीला लागून, लहानशी, आत रंगीत दिव्यांचा थाट नाही. तिथे तांग काळातल्या बुद्धमूर्ती कोरलेल्या आहेत आणि सोंग काळातला नामांकित सुलेखनकार मी फू याचं रेखाचित्रही. नैसर्गिक गुहेत कोरलेलं लेणं, दोन्ही शब्द एकाच जागी. वर चढायची गरज नाही. हत्तीच्या सोंडेचा डोंगर जवळच आहे. २०२२ पासून त्याला तिकीट नाही, संध्याकाळी अर्धा तास द्या, पुरतो.

मुक्काम: गुइलिनला एक रात्र, फार तर दोन. उरलेल्या सगळ्या यांगश्वोत, पण गावच्या पश्चिम रस्त्यावर नाही. तो रस्ता म्हणजे रात्री बारापर्यंत गाणी आणि तळणाचा वास. यूलोंग नदीकाठच्या खेड्यांत घरगुती हॉटेलं आहेत, तिथे राहा. सकाळी गच्चीवर गेलात की शिखरांचं रान समोर. जाण्याआधी लिफ्ट आहे का किंवा तळमजल्यावर खोली मिळेल का, हे आजींसाठी विचारून घ्या. खेड्यातल्या इमारती बऱ्याचदा चार मजली आणि विनालिफ्ट असतात.

नावांचे दोन सापळे. एक, ली नदी चिनीत लीजियांग, कारण जियांग म्हणजे नदी. युन्नानमध्ये लीजियांग नावाचं प्रसिद्ध शहर आहे, पहिलं अक्षर वेगळं, पण रोमन लिपीत दोन्ही एकसारखी. माझ्या एका सहप्रवाशानं स्वतः हॉटेल ठरवलं आणि आनंदानं सांगितलं, "लीजियांगला नदीकाठी मिळालं." ते हॉटेल हजारेक किलोमीटर लांब होतं. दोन, रेल्वेचं 'यांगश्वो' स्थानक यांगश्वोत नाही, शिंगपिंगजवळ आहे. उतरल्यावर गावात जायला बस किंवा गाडी लागते, तासभर धरा. ग्वांगचौहून जलदगती गाडीनं अडीच-तीन तासांत इथे येता येतं, तेव्हा मुंबईहून ग्वांगचौ गाठणं हा सोपा रस्ता. मधली काही वर्षं भारत-चीन थेट विमानं बंद होती, ती ऑक्टोबर २०२५ पासून कोलकात्याहून आणि मग दिल्लीहून ग्वांगचौला पुन्हा सुरू झाली. व्हिसा आधी काढावाच लागतो.

सायकल यूलोंगच्या काठानं चालवा, मोठ्या रस्त्यानं नाही. मोठ्या रस्त्यावर ई-स्कूटरींची जत्रा असते. चंद्रडोंगराला, ज्याच्या माथ्यावर आरपार कमान आहे, आठशेच्या आसपास पायऱ्या आहेत. तुम्ही दोघं चढा, आजी खालून बघतील. खालून चालत गेलं की कमानीतला चंद्र कोरीपासून पौर्णिमेपर्यंत बदलत जातो. कमान खरं तर जुन्या गुहेचा उरलेला तुकडा आहे. गुहेचं बाकी सगळं कोसळून गेलं आणि डोंगर उचलला गेला.

भाताच्या पायऱ्या, लोंगशेंगच्या, गुइलिनहून दोनेक तासांवर. सुरेख आहेत, पण तुम्ही जाल तेव्हा कापणी झालेली असेल. मे-जूनला पाणी भरलेली किंवा सप्टेंबर अखेरीस पिवळी असतात तेव्हा त्यांचं सोनं. रिकाम्या खाचरांसाठी आजींना चढवू नका. त्या दिवशी शिंगआनला जा, लिंगछू कालवा बघायला. फार कमी भारतीय जातात, मला मात्र अख्ख्या भागात हीच जागा सगळ्यात आवडते. इ.स.पू. २१४ चा, चीनच्या पहिल्या सम्राटाच्या सैन्याला दक्षिणेत धान्य पोचवण्यासाठी खणलेला, सुमारे ३६ किलोमीटरचा. उत्तरेला यांगत्सेकडे जाणारी शियांग नदी आणि दक्षिणेला जाणारी ली, दोघींना त्यानं जोडलं. नदीच्या मध्यात नांगराच्या फाळासारखा दगडी बांध आहे, तो पाणी विभागतो. म्हणतात, सात भाग शियांगला, तीन भाग लीला. तुमची बोट ज्या पाण्यावर तरंगते त्यातलं काही या फाळानं वळवलेलं असतं. आणि सगळा रस्ता सपाट, झाडांच्या सावलीचा.

खाण्याचं स्पष्टच सांगते, कठीण आहे पण अशक्य नाही. गुइलिनची तांदळाची शेवई, मीफन, सकाळी सगळं शहर उभ्या उभ्या खातं. पण तिच्यावरचा रस हाडांचा. "मांस नको" म्हटलं तर मांसाचे तुकडे काढून देतात, रस तोच. भाज्याही अनेकदा डुकराच्या चरबीत परततात. त्यामुळे फोनवर चिनीत एक मजकूर तयार ठेवा: मांस, मासे, हाडांचा रस, चरबी नको, तेलात करा. तो दाखवला की लोक मनापासून मदत करतात. मग वांगी, पातळ चिरून परतलेला बटाटा, लसूण घातलेली नाळीची भाजी, भात, असं चांगलं जेवण होतं. जवळच्या लिपूची अळकुडी प्रसिद्ध आहे, आपल्या अळकुडीच्या कितीतरी पट मोठी, बहुतेक वेळा मांसासोबत शिजवतात, पण नुसती वाफवून मागा. इथल्या याओ जमातीचा 'तेलाचा चहा' चाखा: चहाची पानं आलं-लसणासोबत कुटून उकळतात, वर फुललेला तांदूळ आणि शेंगदाणे. आपले चुरमुरे कुणी चहात टाकलेत असं वाटेल आणि तिसऱ्या घोटाला आवडेल. तेल कोणतं ते मात्र विचारा. पपनसाचा हंगाम असतो, रस्त्याकडेला ढीग लागतात, एक घेतलं की चौघांना पुरतं. थेपले-चटणी आणाच, पण दिवसाला एका जेवणापुरते.

पैसे सगळीकडे फोनवरून जातात. अलीपेमध्ये आपलं कार्ड घरूनच जोडून या, तिथे जाऊन ओटीपीची वाट बघत बसू नका. गुगल आणि व्हॉट्सअॅप स्थानिक सिमवर चालत नाहीत, भारतातलं रोमिंग घेतलंत तर चालतात. गुगलच्या नकाशावर तिथे भरवसा ठेवू नका, ठिकाणं शेकडो मीटर सरकलेली दिसतात. बोट, तराफा, रेल्वे, सगळ्याला पासपोर्ट लागतो, तो हॉटेलात ठेवून निघू नका.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, "पाऊस लागला तर दिवस फुकट जाईल का?" नोव्हेंबरचा पाऊस बहुधा रिपरिप असतो, नदी चढवणारा नाही. तसा लागला तर बोटीचा दिवस मुळीच बदलू नका. जवळचे डोंगर हिरवे, त्यामागचे राखाडी, त्यामागचे फक्त एक रेघ, असं दिसतं आणि चिनी चित्रकार शाई पातळ का करत गेले ते कळतं. छत्री नको, डेकवर दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. चार रेनकोट घ्या, आजींसाठी एक जाडसर आसन घ्या, कारण डेकवरच्या खुर्च्या ओल्या असतात.